क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा?

मदरशात फिकह शिकताना ‘मफ्कूद’ नावाचे एक लहानसे प्रकरण येते. मफ्कूद म्हणजे बेपत्ता मनुष्य. तो जिवंत आहे की मरण पावला, हे कोणालाच ठाऊक नसते. हनफी फिकहमध्ये त्याच्याविषयी असा नियम आहे की, स्वतःच्या मालमत्तेपुरता तो जिवंत समजावा. त्याची संपत्ती वारसांत वाटून टाकू नये. दुसऱ्या कुणाच्या वारशात त्याचा हिस्सा निघत असेल, तर तो त्याचा ठावठिकाणा लागेपर्यंत राखून ठेवावा. विद्यार्थिदशेत आम्हाला हे प्रकरण जुन्या काळातले वाटे. गलबत बुडाले, काफिला वाट चुकला, त्या काळातील हा प्रश्न. आज त्याचे काय प्रयोजन? पुढे अर्जेंटिना या दक्षिण अमेरिकी देशाचा अलीकडचा इतिहास वाचनात आला, तेव्हा या प्रकरणाचा अर्थ नव्याने उमगला. घरात नसलेल्या माणसासाठीही शरीयतने दार उघडे ठेवले होते.

२४ मार्च १९७६ रोजी अर्जेंटिनाच्या सैन्याने निवडून आलेले सरकार उलथवून सत्ता हस्तगत केली. त्यापूर्वी देशात सशस्त्र डाव्या संघटनांचे हल्ले, अपहरणे आणि खून होत होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु सैन्याने त्याला दिलेले उत्तर न्यायालयाच्या मार्गाने गेले नाही. रात्री घरावर धाड पडे आणि माणूस उचलला जाई. त्यात कामगार पुढारी होते, विद्यार्थी होते, शिक्षक, वकील, पत्रकार आणि गरोदर स्त्रियाही होत्या. पोलीस ठाण्यात नोंद नसे, तुरुंगात नाव नसे, न्यायालयात अर्ज दिला तर ‘अशी व्यक्ती आमच्या ताब्यात नाही’ एवढेच उत्तर मिळे. डिसेंबर १९७९ मध्ये एका पत्रकार परिषदेत लष्करशहा खोर्खे राफाएल विदेला यांना या बेपत्ता लोकांविषयी विचारण्यात आले. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की, बेपत्ता मनुष्य जिवंतही नाही आणि मृतही नाही. तो नाहीच, तेव्हा त्याच्यासाठी काही करता येत नाही.

वाचकहो, या दोन विधानांतील साम्य आणि अंतर लक्षात घ्या. फिकहच्या विद्वानांनीही बेपत्ता माणसाला ना पूर्ण जिवंत मानले, ना पूर्ण मृत. पण त्यांचा हेतू त्याचा हक्क सुरक्षित राखण्याचा होता. विदेला यांनी जवळपास तेच शब्द त्याचा हक्कच पुसून टाकण्यासाठी वापरले.

चौकातील माता

३० एप्रिल १९७७ रोजी राजधानी ब्युनॉस आयर्समध्ये राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोरील प्लाझा दे मायो या चौकात १४ स्त्रिया जमल्या. त्यांची मुले बेपत्ता होती. जमाव करून उभे राहता येणार नाही, असे पोलिसांनी बजावले. म्हणून त्या दोघी-दोघींनी चौकातील स्तंभाभोवती फिरू लागल्या. पुढे दर गुरुवारी त्या येत राहिल्या. ओळख पटावी म्हणून त्यांनी डोक्याला पांढरे फडके बांधले. सुरुवातीला ती फडकी आपल्या मुलांच्या बाळपणीच्या लंगोटांची होती.

या मातांना एकत्र आणणाऱ्यांपैकी एक होत्या आसुसेना विलाफ्लोर. त्यांच्या सभांना आस्तिज नावाचा एक तरुण नौदल अधिकारी, आपलाही भाऊ बेपत्ता आहे असे खोटे सांगून येऊ लागला. मातांनी त्याला आपल्या मुलासारखे जपले. डिसेंबर १९७७ मध्ये त्याच्याच खुणेवरून १२ जणांना उचलण्यात आले. त्यांत तीन माता आणि दोन फ्रेंच जोगिणी होत्या. आसुसेना यांना १० डिसेंबर रोजी, म्हणजे जग ज्या दिवशी मानवाधिकार दिन पाळते त्याच दिवशी, घराजवळून नेण्यात आले. त्यांना नौदलाच्या यांत्रिकी प्रशाळेत डांबले गेले, नंतर विमानातून समुद्रात फेकण्यात आले. लाटांनी काही देह किनाऱ्यावर आणून टाकले. एका लहान गावच्या दफनभूमीत ते निनावी पुरले गेले आणि २००५ साली न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञांच्या पथकाने अस्थींवरून आसुसेना यांची ओळख पटवली. २८ वर्षांनी त्यांची रक्षा त्याच चौकात ठेवण्यात आली.

सूरह तकवीरमध्ये कयामतचे वर्णन करताना जिवंत गाडल्या गेलेल्या मुलीचा उल्लेख येतो. तिला विचारले जाईल की, कोणत्या अपराधासाठी तुला मारले गेले (८१:८-९). प्रश्न मारणाऱ्याला नव्हे, मारल्या गेलेलीला विचारला जातो; जिला जगाने बोलूच दिले नाही, तिला अल्लाहच्या न्यायालयात प्रथम बोलू दिले जाते. त्या चौकात फिरणाऱ्या माता याच जगात तोच प्रश्न विचारत होत्या. त्यांचे शेजारी मात्र कुजबुजत, “काहीतरी केले असेल, त्याशिवाय का नेले?” अत्याचाऱ्याला तलवारीइतकेच या वाक्याचे बळ मिळते.

दोन कायदे आणि माफीनामे

१९८३ मध्ये लष्करी राजवट कोसळली. नवे राष्ट्राध्यक्ष राउल आल्फोन्सिन यांनी लेखक अर्नेस्टो साबातो यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. आयोगाने १९८४ मध्ये दिलेल्या अहवालात सुमारे ९,००० बेपत्ता व्यक्तींची आणि सुमारे ३४० गुप्त छळछावण्यांची नोंद केली. मानवाधिकार संघटना बेपत्तांची संख्या ३०,००० सांगतात. १९८५ मध्ये नऊ सेनाधिकाऱ्यांवर नागरी न्यायालयात खटला चालला. विदेला आणि नौदलप्रमुख मासेरा यांना जन्मठेप झाली. आपल्याच लष्करशहांना आपल्याच न्यायालयात उभे करण्याचे हे धैर्य जगात विरळा होते.

परंतु धैर्य टिकले नाही. सैन्यात अस्वस्थता वाढली. डिसेंबर १९८६ मध्ये ‘पूर्णविराम’ नावाचा कायदा आला. ६० दिवसांत नवे खटले दाखल करा, त्यानंतर नाही, असे त्याने ठरवले. एप्रिल १९८७ मध्ये काही सैनिकी तुकड्यांनी बंड केले आणि जूनमध्ये दुसरा कायदा संमत झाला, ‘आज्ञापालना’चा. खालच्या अधिकाऱ्यांनी जे केले ते वरिष्ठांच्या हुकमावरून केले, म्हणून ते दोषी नाहीत, असे हा कायदा सांगत होता. पुढे राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम यांनी १९८९ आणि १९९० मध्ये माफीनामे काढून शिक्षा झालेल्या सेनानींनाही मुक्त केले. राष्ट्राच्या जखमा भरून याव्यात, जुने विसरून पुढे जावे, हे कारण दिले गेले.

खरा नैतिक प्रश्न येथेच उभा राहतो. शांतता ही मोठी गोष्ट आहे. क्षमा तर त्याहून मोठी. प्रत्येक धर्माने तिची थोरवी गायिली आहे. मग मेनेम यांनी क्षमा केली, यात वाईट काय झाले?

हुकूकुल इबाद

आपल्या विद्वानांनी हक्कांचे दोन भाग केले आहेत: हुकूकुल्लाह म्हणजे अल्लाहचे हक्क, आणि हुकूकुल इबाद म्हणजे माणसांचे हक्क. नमाज-रोजातील उणीव अल्लाह त्याची मर्जी असेल तर माफ करील. परंतु माणसाचा हक्क मारला असेल, तर तो ज्याचा त्याला परत करावा लागेल किंवा त्याच्याकडून माफ करून घ्यावा लागेल. सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे की, शहीदाचे सर्व अपराध माफ होतात, कर्ज वगळून. विचार करा, अल्लाहच्या मार्गात प्राण देणाऱ्याचेही कुणा एका साध्या सावकाराचे देणे परस्पर माफ होत नाही! सर्व सृष्टीचा मालक आपल्या दासाच्या हक्काची इतकी बूज राखतो, तर सहा वर्षांसाठी निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष दुसऱ्याच्या मुलाचे रक्त कोणत्या अधिकाराने माफ करणार?

खुनाविषयी कुरआनचा नियम स्पष्ट आहे. अन्यायाने मारल्या गेलेल्याच्या वारसाला अल्लाहने अधिकार दिला आहे आणि त्यानेही मर्यादा ओलांडू नये, असे सूरह बनी इस्राईलमध्ये फर्माविले आहे (१७:३३). सूरह बकरामध्ये वारसाने काही सोडून दिले तर भल्या रीतीने भरपाई द्यावी, असे सांगितले आहे आणि या सवलतीला अल्लाहची कृपा म्हटले आहे (२:१७८). म्हणजे शिक्षा, भरपाई आणि क्षमा हे तिन्ही मार्ग खुले आहेत. पण निवड वारसाच्या हाती आहे. वारस असताना शासकाने त्याच्या वतीने क्षमा करावी, असा अधिकार शासकाला नाही. ज्याला वारसच नाही त्याचा वाली शासक असतो. तरीही त्याने फुकट माफी देऊ नये, असे हनफी विद्वानांनी म्हटले आहे.

या मातांमध्येही सर्वांचे एकमत नव्हते. १९८६ मध्ये त्यांच्या संघटनेचे दोन गट झाले. १९९४ मध्ये सरकारने वारसांना भरपाई देऊ केली, तेव्हा काहींनी ती घेतली, काहींनी ‘मुलाच्या रक्ताची किंमत नको’ म्हणून नाकारली. मला यात विसंगती दिसत नाही. हक्क ज्याचा, निर्णय त्याचा. त्याच वर्षी आणखी एक कायदा झाला, ज्याचे मफ्कूदच्या प्रकरणाशी आश्चर्यकारक साम्य आहे. लष्करी राजवटीने १९७९ मध्ये बेपत्तांना मृत घोषित करण्याची सोय केली होती. मारणाऱ्यानेच मृत्यूचा दाखला द्यावा आणि प्रश्न मिटवावा, हे मातांना मान्य नव्हते. १९९४ च्या कायद्याने ‘सक्तीने बेपत्ता केल्यामुळे अनुपस्थित’ असा वेगळा दर्जा निर्माण केला. घरादाराचे व्यवहार मार्गी लागले आणि गुन्ह्यावर पडदाही पडला नाही.

आता ‘हुकूम होता’ या सबबीकडे पाहू. बुखारीतील प्रसंग अनेकांना ठाऊक असेल. एका तुकडीच्या सरदाराने रागाच्या भरात सैनिकांना पेटत्या आगीत उडी घेण्याचा हुकूम दिला. त्यांनी तो मानला नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांना कळले तेव्हा त्यांनी स्पष्ट केले की, ते आगीत शिरले असते तर कधीच बाहेर पडले नसते, आज्ञापालन केवळ सत्कार्यात असते. सूरह अहजाबमध्ये नरकातील लोक म्हणतील की, आम्ही आमच्या सरदारांचे आणि वडीलधाऱ्यांचे ऐकले, त्यांनी आम्हाला मार्गभ्रष्ट केले (३३:६७). ही सबब तेथे सांगितली जाईल, पण शिक्षा टळणार नाही. १९९५ मध्ये अर्जेंटिनाचे तत्कालीन भूदलप्रमुख मार्तिन बाल्सा यांनी दूरचित्रवाणीवर जाहीरपणे मान्य केले की, अनैतिक हुकूम देणारा गुन्हेगार आहे आणि तो पाळणाराही गुन्हेगार आहे. कायद्याने आठ वर्षांपूर्वी जे नाकारले, ते एका सेनापतीच्या सदसद्विवेकाने कबूल केले.

मक्का विजयाचे काय?

येथे जाणकार वाचक विचारील: प्रेषितांनी (स.) मक्का विजयाच्या दिवशी कुरैशना सरसकट क्षमा केली नव्हती का? हा आक्षेप महत्त्वाचा आहे.

पहिली गोष्ट, क्षमा करणारा स्वतः पीडित होता. अबू तालिबच्या घाटीतील उपासमार त्यांनी सोसली होती, उहुदच्या मैदानात चुलते हजरत हमजा (रजि.) यांचा विटंबित देह त्यांनी पाहिला होता. दुसरी गोष्ट, कुरैशची सत्ता संपली होती. क्षमा भीतीपोटी नव्हती, सामर्थ्यातून होती. अर्जेंटिनात बंडखोर सैनिक शस्त्रे रोखून उभे असताना कायदा झाला. तेथे क्षमेचे केवळ नाव होते. तिसरी गोष्ट, काही व्यक्तींना त्यांच्या विशिष्ट गुन्ह्यांमुळे त्या क्षमेतून वगळले होते. आणि क्षमा म्हणजे विस्मरणही नव्हते. हजरत हमजांना मारणारा वहशी इस्लाम स्वीकारून आला, त्याला अभय मिळाले, परंतु शक्य असेल तर माझ्या नजरेसमोर येऊ नकोस, असे प्रेषितांनी (स.) त्याला सांगितले. ज्याचे दुःख आहे त्याच्या दुःखाचाही मान राखला गेला.

दोन वर्षांनी अखेरच्या हजच्या प्रवचनात अज्ञानकाळातील रक्ताचे सर्व दावे रद्द करण्यात आले. समाजात शांतता नांदावी यासाठीच हा निर्णय होता. पण सर्वप्रथम कोणता दावा सोडला? स्वतःच्या कुटुंबाचा, रबीआ बिन हारिस यांच्या मुलाच्या रक्ताचा. समाजाला पुढे न्यायचे असेल तर नेत्याने आधी स्वतःचे सोडावे. दुसऱ्याचे सोडून आपण दानशूर ठरू नये.

जो गुन्हा कायद्यालाही माफ करता आला नाही

त्या दोन्ही कायद्यांनी एक गुन्हा मात्र वगळला होता. छळछावण्यांत बाळंत झालेल्या स्त्रियांची अर्भके काढून घेण्यात आली, मातांना मारण्यात आले आणि बाळे बहुधा सैन्याच्याच मर्जीतील घरांत खोट्या नावांनी वाढवण्यात आली. अशी सुमारे ५०० बालके होती, असा त्यांच्या आज्यांचा अंदाज आहे. या आज्यांनी १९७७ मध्येच आपली संघटना बांधली. आई-बाप हयात नसताना आजीच्या रक्तावरून नातवंड कसे ओळखावे, हा प्रश्न त्यांनी परदेशी शास्त्रज्ञांपुढे ठेवला. अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी त्यासाठी पद्धत विकसित केली आणि १९८७ मध्ये राष्ट्रीय आनुवंशिक माहितीपेढी स्थापन झाली. आजवर १३० हून अधिक नातवंडांचा छडा लागला आहे.

दत्तक घेतलेल्यांना त्यांच्या पित्याच्या नावाने हाक मारा, अल्लाहजवळ तेच अधिक न्यायाचे आहे, अशी आज्ञा सूरह अहजाबमध्ये आहे (३३:५). आपण हे वचन वारसा आणि पडद्याच्या मसल्यात वाचतो. ब्युनॉस आयर्सच्या आज्यांची कहाणी वाचल्यावर कळते की, आपण कोणाचे आहोत हे जाणणे हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. कितीही मायेने वाढवले तरी खोटे नाव हा त्याच्यावर अन्यायच राहतो.

आणि याच गुन्ह्याने माफीची भिंत फोडली. माफी मिळालेल्या विदेला यांना १९९८ मध्ये बालकांच्या अपहरणासाठी पुन्हा अटक झाली. २००३ मध्ये संसदेने ते दोन्ही कायदे रद्द केले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. आस्तिज याला २०११ मध्ये जन्मठेप झाली. २०१२ मध्ये बालके पळवण्याच्या योजनेसाठी विदेला यांना ५० वर्षांची शिक्षा सुनावली गेली. २०१३ मध्ये ते तुरुंगातच मरण पावले.

मार्ग निष्कंटक झाला, असे मात्र समजू नका. छळछावणीतून वाचलेले खोर्खे खुलिओ लोपेस यांनी एका पोलीस अधिकाऱ्याविरुद्ध साक्ष दिली आणि सप्टेंबर २००६ मध्ये, लोकशाहीच्या काळात, ते पुन्हा बेपत्ता झाले. त्यांचा शोध आजही लागलेला नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयाने शिक्षा घटण्याची शक्यता निर्माण झाली, तेव्हा लाखो लोक पांढरे रुमाल घेऊन रस्त्यावर उतरले. २०२३ च्या निवडणुकीत खाविएर मिलेई यांनी ३०,००० हा आकडाच जाहीरपणे नाकारला आणि ते राष्ट्राध्यक्ष झाले. स्मृती ही नमाजसारखी आहे. ती रोज अदा करावी लागते.

अर्धे वचन

एक गोष्ट मला स्वतःला अस्वस्थ करते. समुद्रावर माणसे फेकणाऱ्या विमानांत असलेल्या सिलिंगो या नौदल अधिकाऱ्याने १९९५ मध्ये कबुली दिली. परतल्यावर मन खात होते, तेव्हा लष्करातील धर्मगुरूने आपले सांत्वन केले, असे त्याने सांगितले. त्याच देशात सत्याची बाजू घेतली म्हणून मारले गेलेले धर्मोपदेशकही होते. आन्खेलेली नावाच्या बिशपांचा १९७६ मध्ये झालेला मृत्यू हा खून होता, असे न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले. म्हणून बोट त्यांच्या धर्माकडे दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. धर्माच्या वस्त्रात उभ्या असलेल्या प्रत्येकासमोर हा प्रश्न आहे: तुझे शब्द जखमीसाठी आहेत की जखम करणाऱ्यासाठी?

काही वर्षांपूर्वी एका घरगुती तंट्यात मी मध्यस्थ होतो. वडिलांच्या जमिनीतील बहिणीचा हिस्सा भावांनी आपल्या नावे करून घेतला होता. मी त्या भगिनीला सूरह शूराचा दाखला दिला की, जो क्षमा करील आणि समेट करील त्याचा मोबदला अल्लाहकडे आहे (४२:४०). तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मौलाना साहेब, पण माझ्याकडे माफी मागितली कुणी?” मी निरुत्तर झालो. घरी येऊन कुरआन उघडला. पुढच्याच दोन आयतींमध्ये म्हटले आहे की, अन्याय झाल्यावर जो आपला हक्क मागतो त्याच्यावर दोष नाही. दोष लोकांवर अन्याय करणाऱ्यांवर आहे. मी तिला अर्धेच वचन ऐकवले होते, आणि तेही चुकीच्या माणसाला. ते आधी तिच्या भावांना ऐकवायला हवे होते.

तेव्हा वाचकहो, अर्जेंटिना फार दूर आहे असे समजू नका. शबे बरात आली की आपल्या मोबाईलवर ‘कहा-सुना माफ’चे संदेश फिरू लागतात. एकाच वेळी २०० जणांना पाठवलेला तो संदेश ज्या बहिणीचा हिस्सा दाबून ठेवला आहे तिलाही जातो. हजला निघताना आपण गल्लीभर गळाभेट घेतो, पण ज्याचे खरोखर देणे आहे त्याच्या दारी पाऊल वळत नाही. क्षमा मागण्याची पहिली पायरी कबुली आहे, दुसरी हक्क परत करणे, आणि तिसरी ही की निर्णय समोरच्यावर सोडून आपण मान खाली घालून उभे राहणे. तो माफ करील तर त्याचा मोठेपणा. न करील तर तो त्याचा हक्क आहे. घरातला वडीलधारा, जमातीचा पंच, मशिदीचा इमाम किंवा देशाचा राष्ट्राध्यक्ष, कोणीही त्याच्या वतीने ‘जाऊ द्या’ म्हणू शकत नाही.

अल्लाह आपल्याला दुसऱ्यांचे हक्क या जगातच परत करण्याची सद्बुद्धी देवो. जे घरी परतले नाहीत त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या प्रत्येक मातेला, ती कोणत्याही देशाची वा धर्माची असो, न्याय मिळवून देवो. आमीन.